मोटारखान्याचें दार

अमेरिकेचा प्रवास करून आलेला गृहस्थ लिहावयास बसला म्हणजे नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती आणि सॅनफ्रान्सिस्कोचा तांबडा पूल यांची हजेरी घेतल्यावांचून त्याची लेखणी थांबत नाहीं. यांपैकीं पूल आम्हींही पाहिला, आणि तो वर्णनीय आहे यांत संशय नाहीं. परंतु कोणत्याही देशाचा स्वभाव जाणावयाचा असेल तर तेथील देवळें व पूल यांच्याइतकींच सामान्य माणसाच्या घरचीं दारेंही पाहावींत असें आम्हांस वाटतें. कोणास आंत घ्यावें, कोणास बाहेर ठेवावें आणि संकट आलें असतां आपण स्वतः कसें बाहेर पडावें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मनुष्य आपल्या दारांत देऊन ठेवीत असतो. सहा महिन्यांच्या वास्तव्यांत जी एक वस्तु आम्हीं सर्वांत अधिक न्याहाळली व जिच्यावरून घरांत महिनाभर खल चालला, ती म्हणजे आमच्या मुलीच्या घराच्या मोटारखान्याचें दार. तिचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

मुलीचें घर कॅलिफोर्नियांत फ्रीमाँट येथें आहे. सॅनफ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व कांठावर, दक्षिणेच्या अंगास, हें शहर पसरलेलें आहे. मुळांत तें एक गांव नव्हेच. सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन, नाइल्स, वॉर्म स्प्रिंग्ज आणि मिशन सॅन होजे या पांच वस्त्या १९५६ सालीं एकत्र आल्या आणि फ्रीमाँट शहर जन्मास आलें. त्यांपैकीं मिशन सॅन होजे सर्वांत जुनी. तेथें स्पॅनिश पाद्र्यांनीं १७९७ सालीं स्थापिलेला मठ आहे. नाइल्स येथें मूकपटांच्या काळीं चित्रपटांचा कारखाना होता व चार्ली चॅप्लिन यानें १९१५ सालीं तेथें कांहीं चित्रपट केले. दक्षिणेच्या टोकास मोटारींचा प्रचंड कारखाना आहे. जनरल मोटर्स व टोयोटा या दोघांनीं तो १९८४ पासून २०१० पर्यंत भागीदारीनें चालविला, आणि त्यानंतर तो टेस्ला कंपनीकडे गेला.

पूर्वेस मिशन पीक नांवाचा सुमारें अडीच हजार फूट उंचीचा डोंगर उभा आहे. तेथें पाऊस हिंवाळ्यांत पडतो, उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळें आपल्याकडे वैशाखांत माळ दिसतो तसा तो डोंगर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वाळल्या गवतानें पिवळा पडलेला असतो, आणि डिसेंबर-जानेवारींत हिरवागार होतो. ऋतूंचा हा उलटा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

सकाळीं फिरावयास निघावें, तों रस्त्याच्या दोहों बाजूंस हिरवळीचे तुकडे आणि त्यांच्या मागें एकासारखीं एक घरें. घराकडे तोंड करून उभें राहिलें असतां प्रथम दृष्टीस पडतें तें माणसांचें दार नव्हे. सोळा फूट रुंद व सात फूट उंच असें एक पांढरें, आडव्या पट्ट्यांचें दार दर्शनी बाजूचा निम्मा भाग व्यापून बसलेलें असतें, आणि माणसांचें दार बाजूस अंग चोरून उभें असतें. कांहीं घरांचा मोटारखाना तर जनावरानें मुस्कट पुढें काढावें तसा पुढें आलेला असतो. अशा घरांस तिकडे त्याच अर्थाचें नांवही पडलेलें आहे, आणि ऑरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड शहरानें १९९९ सालीं नियम करून तसल्या बांधणीस आळा घातला.

रस्त्यावर मनुष्य सहसा दिसत नाहीं. ठरल्या वेळीं एखादें दार आपोआप वर सरकतें, आंतून मोटार मागल्या पावलीं बाहेर येते, दार पुन्हां खालीं उतरतें आणि मोटार निघून जाते. संध्याकाळीं हाच प्रकार उलट क्रमानें होतो. शेजाऱ्याचें तोंड महिनोन्महिने दिसलें नाहीं तरी त्याच्या दाराचा आवाज मात्र ओळखीचा होतो. पुढच्या दाराची घंटा वाजली तर ती टपालाचें पुडकें आणणाऱ्या माणसाची, असें आमची नात न पाहतां सांगत असे.

आमचा जन्म वाईस वाड्यांत गेला. तेथें दरवाजा दोन फळ्यांचा, आंतून अडसर घालावयाचा, आणि त्या मोठ्या दरवाजाच्या पोटांतच एक लहान दिंडी. पुण्यास शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला वाचकांनीं ही दिंडी पाहिली असेलच. मोठा दरवाजा मेण्याला, गाडीला आणि लग्नाच्या वऱ्हाडाला, दिंडी माणसाला. मोठा दरवाजा उघडणें दोघां गड्यांचें काम असे, परंतु दिंडीची कडी पोरालाही काढतां येई. आमच्या जांवयांच्या घरचें सोळा फुटी दार पहिल्यांदा पाहिलें तेव्हांच आमच्या मनांत आलें कीं याची दिंडी कोठें आहे?

त्या दाराच्या आंत काय असतें हेंही सांगितलें पाहिजे. संस्कृतांत 'कपाट' म्हणजे दाराची फळी. मराठींत येतां येतां तो शब्द दार सोडून सामान ठेवण्याच्या फडताळाला चिकटला. अमेरिकेंतील मोटारखान्यानें हे दोन्ही अर्थ एकत्र आणिले आहेत, कारण बाहेरून पाहावें तर कपाट आणि आंतून पाहावें तरीही कपाटच. कपडे धुण्याचें यंत्र, पाणी तापविण्याचा बंब, सायकली, तांदळाचीं पोतीं, रिकामीं खोकीं आणि एका कोपऱ्यांत कापडांत गुंडाळून ठेविलेलें गणपतीचें मखर. या गर्दींतून उरेल त्या जागेंत मोटार. आमच्या लोकांनीं या जागेचा आणखी एक उपयोग काढिला आहे. दिवाळीच्या आधीं चकल्या व चिरोटे तळावयाचे ते येथें, मोठें दार पूर्ण वर करून. कारण तिकडचीं घरें बंदिस्त असल्यामुळें तळणाचा वास पडद्यांत आणि गालिच्यांत आठवडाभर राहतो. आमच्या मंडळीनें तेथें घाणा काढावयास सुरुवात केली त्या दिवशीं दोन तासांत जेवढे शेजारी आम्हांस भेटले तेवढे आधींच्या दोन महिन्यांत भेटले नव्हते. दार वर असलें म्हणजे तो मोटारखाना राहत नाहीं, वाड्याची देवडी होतो.

त्या शेजाऱ्यांतच समोरच्या घरांतील एक वृद्ध गृहस्थ होते. वय ऐंशीच्या घरांत, आणि सारी उमेद त्या मोटारींच्या कारखान्यांत गेलेली. चकली हातांत घेऊन ते आमच्याशीं बोलत होते, परंतु दृष्टि वर छताकडे होती. तेथें लोखंडी पट्टीला लटकलेलें दार उघडण्याचें यंत्र होतें. तिकडे सर्वजण त्यास 'ओपनर' म्हणतात, आणि आम्हीही तेंच म्हणूं. त्याच्या पाठीवर १९८७ हें वर्ष छापलेलें होतें. त्यांनीं आमच्या नातीकडे पाहिलें, तिचें वय विचारिलें, आणि पांच हें उत्तर मिळतांच म्हणाले, "तुमच्या जांवयांना सांगा, उद्यां मी एक फळी घेऊन येतों."

फळीचें काय झालें हें सांगण्यापूर्वीं या दाराची थोडी कुळकथा सांगणें अवश्य आहे. मोटारी प्रथम निघाल्या तेव्हां त्या श्रीमंतांच्या तबेल्यांत, घोड्यांशेजारीं ठेवीत. पुढें त्यांच्यासाठीं घरामागें निराळ्या खोल्या निघाल्या, आणि 'गॅरेज' हा शब्द फ्रेंचांकडून आला. त्या खोल्यांचीं दारें तबेल्याच्या दारांसारखींच बिजागरीवर बाहेर उघडणारीं असत. समोर बर्फ सांचलें कीं तें उपसल्यावांचून दार उघडावयाचें नाहीं. १९२१ सालीं सी. जी. जॉन्सन नांवाच्या गृहस्थानें आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं एकमेकींस जोडून, रुळांवरून वर सरकणारें आणि छताखालीं आडवें होऊन राहणारें दार काढिलें. त्याचा लहानसा नमुना आपल्या फोर्ड मोटारीच्या पाठीवर बसवून तो देशभर हिंडला व गिऱ्हाइकें मिळविलीं. १९२६ सालीं त्यानेंच तें दार विजेनें उघडण्याचें यंत्र बनविलें. दुसऱ्या महायुद्धानंतर गांवाबाहेर घरांच्या वसाहती उठल्या, मोटारखाना मागच्या अंगणांतून निघून घराला चिकटला, आणि दार घराच्या तोंडावर आलें.

आतां गंमत अशी कीं, हें दार विजेचें यंत्र उचलतें अशी सर्वांची समजूत असते. वस्तुतः तसें नाहीं. असें दुहेरी दार दीड-दोनशें पौंड वजनाचें असतें, आणि यंत्राचा जोर जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचा. भार वाहते ती दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळून ताणून बसविलेली पोलादी स्प्रिंग. दार खालीं आलें कीं ती पिळली जाते, आणि वर जातांना तोच पीळ सोडून दाराला हात देते. आपल्याकडे विहिरीच्या ओकतीला मागच्या टोकास दगड बांधीत आणि भरलेलें भांडें सहज वर येई, त्यांतलाच हा न्याय. स्प्रिंग नीट असेल तर तें अवजड दार एका हातानेंही वर जातें. यंत्र केवळ तो एक हात लावतें. परंतु स्प्रिंगेलाही आयुष्य आहे. सामान्य स्प्रिंग दहा हजार वेळां उघडझांप सोसेल अशा हिशेबानें करितात. दिवसांतून चार वेळां दार हाललें तर हा हिशेब सात वर्षांच्या आंतच संपतो. मग ती थकते, आणि तिचा भार मुकाट्यानें यंत्रावर पडूं लागतो. माणसांच्या कुटुंबांतही असेंच होतें, हें निराळें सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं ते गृहस्थ दीड इंच जाडीची एक लांकडी फळी घेऊन आले. दाराच्या मध्यभागीं ती जमिनीवर आडवी टाकिली आणि जांवयांना दार लावण्यास सांगितलें. "दार फळीला लागलें कीं दोन सेकंदांच्या आंत उलट फिरून वर गेलें पाहिजे," ते म्हणाले. दार खालीं आलें, फळीवर टेकलें आणि उलट फिरलें नाहीं. यंत्र घरघरत राहिलें, फळी करकरली, आणि शेवटीं जांवयांनीं भिंतीवरील कळ दाबून तें थांबविलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमची मुलगी नातीचा हात धरून तिला घरांत घेऊन गेली.

त्या दीड इंचाच्या फळीमागें मोठा शोकपूर्ण इतिहास आहे. १९८२ पासून पुढच्या पंधराएक वर्षांत अशा आपोआप मिटणाऱ्या दारांखालीं सांपडून अमेरिकेंत पन्नासांहून अधिक बालकें मृत्यु पावलीं. दार खालीं येतांना त्याच्या खालून धांवत बाहेर पडणें हा मुलांचा खेळच झालेला होता. शेवटीं १९९० सालीं तेथील मध्यवर्ती सरकारनें कायदा केला, आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला दुहेरी रक्षण सक्तीचें झालें. दार कशालाही अडलें तर त्यानें उलट फिरावें हें एक. दुसरें असें कीं, स्पर्श होण्याआधींच त्याला अडथळा कळावा. त्यासाठीं बहुधा दाराच्या दोन बाजूंस, जमिनीपासून सहा इंचांपेक्षां अधिक उंच नाहींत असे, दोन डोळे बसवितात. एकांतून डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो घेतो, आणि मध्यें पाऊल, चेंडू कीं मांजर आलें व किरण तुटला कीं दार उतरतां उतरतां थांबतें व माघारें फिरतें.

मोटारीचें चाक आंत यावयाचें म्हणून त्या दाराला उंबरठा नसतो, जमीन सपाट असते. ज्या घराला उंबरठा नाहीं त्यास आमच्या आजीनें घर म्हटलें नसतें. १९९३ नंतर मात्र त्या सपाट जमिनीवर सहा इंचांवर प्रकाशाचा एक उंबरठा ओढला गेला, आणि तो मुलांचीं पावलें ओळखतो. आमच्या जांवयांच्या दाराला तो नव्हता. घर विकणाऱ्यानें सांगितलें नाहीं, घेणाऱ्यानें विचारलें नाहीं, आणि यंत्र रोज चालत होतें म्हणून कोणास संशय आला नाहीं.

त्याच रात्रीं जेवणानंतर विचारविनिमय सुरू झाला. जांवई संगणकाच्या धंद्यांतले. त्यांनीं तासाभरांत निरनिराळ्या ओपनरांची तुलना करणारा तक्ता तयार केला. साखळीनें ओढणारें यंत्र स्वस्त व दणकट, पण खडखडाट करणारें. पट्ट्यानें ओढणारें थोडें महाग, पण शांत. मोटारखान्यावर निजावयाची खोली असेल तर तेंच घ्यावें. तिसरें छतावर न लटकतां दाराच्या बाजूस भिंतीवर बसणारें, तें सर्वांत महाग. शिवाय हातांतील दूरध्वनीवरून कोठूनही दार उघडण्याची सोय. "बाबा, आम्ही पुण्यांत असलों तरी येथलें दार उघडतां येईल," ते उत्साहानें म्हणाले. आम्ही म्हटलें, "जांवईबापू, पुण्यांतून उघडेल हें उत्तम. पण आंतून उघडेल ना?"

हा प्रश्न आम्हांस सुचण्याचें कारण आमची मंडळी होती. जांवई व मुलगी कामावर गेलीं म्हणजे घरांत नात आणि आम्ही दोघें. वीज गेली तर काय करावयाचें, असें तिनें सहज विचारलें होतें. यंत्रापासून एक दोरी लोंबते, तिला लाल मूठ असते. ती ओढली कीं दार यंत्रापासून सुटतें आणि हातानें उचलतां येतें. हीच ती दिंडी! परंतु ती दोरी मोटारीला लागते म्हणून पूर्वींच्या मालकानें वर गुंडाळून बांधून टाकिली होती. आमची मंडळी उंचीनें पांच फुटांसही दोन इंच कमी. तिनें टांचा उंचावून पाहिल्या, नंतर खोक्यावर चढूं लागली तेव्हां मुलीनें तिला थांबविलें.

आतां डोंगराचें पिवळें गवत आठवावें. सहा महिने पाऊस नसलेल्या त्या मुलुखांत शरद ऋतु हा आगींचा ऋतु आहे. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्रीं फ्रीमाँटच्या उत्तरेस सँटा रोझा शहराच्या बाजूस सोसाट्याच्या कोरड्या वाऱ्यानें जो वणवा पेटला, त्यास टब्स वणवा म्हणतात. त्यांत २२ माणसें दगावलीं आणि पांच हजारांहून अधिक इमारती भस्म झाल्या. लोक झोंपेंतून उठून मोटारींकडे धांवले, तों वीज गेलेली. दारें उघडेनात. ज्यांच्या अंगांत शक्ति होती त्यांनीं दोरी ओढून दारें उचललीं, कित्येकांस शेजाऱ्यांनीं मदत केली. परंतु त्या महिन्यांतील वणव्यांत ज्यांचा अंत झाला त्यांत मोटारखान्याचें दार उघडतां न आलेले कांहीं वृद्धही होते, असें त्या वेळच्या वृत्तांतांत आलें. घर जळतें आहे, मोटार तयार आहे, किल्ली हातांत आहे, आणि मध्यें सोळा फुटांचें दार!

यावरून कॅलिफोर्निया संस्थानानें २०१८ सालीं कायदा केला. १ जुलै २०१९ पासून तेथें घरगुती मोटारखान्यासाठीं जो ओपनर विकावयाचा वा बसवावयाचा, त्याला वीज गेली असतां काम देणारी बॅटरी असलीच पाहिजे, नाहीं तर एक हजार डॉलर दंड. दार नवें करून तें बॅटरी नसलेल्या जुन्या ओपनरला जोडण्यासही त्या कायद्यानें मनाई आहे. पुढें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वणवे टाळावे म्हणून वीज कंपनीनें वाऱ्याच्या दिवसांत लाखो घरांची वीज मुद्दाम बंद ठेविली, तेव्हां या कायद्याचें महत्त्व सर्वांस पटलें.

इतकें कळल्यावर आमचा तक्ता बदलला. दूरध्वनीची सोय तळाशीं गेली. आंतून उघडणें, अडतांच थांबणें आणि वीज गेली असतांही चालणें, या तीन गोष्टी वर आल्या. पट्ट्याचा व बॅटरीचा ओपनर घ्यावयाचें ठरलें. तरीही समोरचे गृहस्थ समाधानी नव्हते. ते म्हणाले, "यंत्र मागवाल, पण दाराची नाडी पाहिलीत काय?" त्यांनीं दार लावून घेतलें, शिडीवर चढून दोरी ओढली, यंत्र सोडविलें, आणि जांवयांना दार हातानें कमरेइतकें उचलून सोडावयास सांगितलें. समतोल दार तेथल्या तेथें तरंगत राहतें. आमचें दार हातांतून निसटून धाडकन् खालीं बसलें. स्प्रिंग थकलेली होती. अशा दारावर कितीही उत्तम यंत्र बसविलें तरी तें थोड्याच वर्षांत झिजतें, आणि वीज गेल्यावर दोरी ओढूनही उपयोग नाहीं, कारण मग सारा भार माणसाच्या हातांवर. "आधीं दार बरें करा, मग यंत्र घ्या," एवढें सांगून ते निघून गेले. स्प्रिंगेला मात्र घरच्या माणसानें हात लावूं नये. तिच्यांत साठविलेला पीळ सुटला तर हाड मोडतो. तें काम जाणत्या कारागिराचेंच.

कारागीर येईपर्यंत एक रविवार मध्यें होता. जांवयांनीं आम्हांस डंबार्टन पुलावरून उपसागराच्या पलीकडे पालो आल्टो येथें नेलें. तेथें ॲडिसन अव्हेन्यू नांवाच्या शांत, झाडीच्या रस्त्यावर ३६७ क्रमांकाचें घर आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूस बारा फूट रुंद व अठरा फूट लांब असा एक लांकडी मोटारखाना. १९३८ सालीं विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकर्ड या दोघां तरुणांनीं तेथें काम सुरू केलें आणि १९३९ च्या आरंभीं ५३८ डॉलरांच्या भांडवलावर आपली कंपनी काढिली. ध्वनिलहरी निर्माण करणाऱ्या त्यांच्या यंत्रांपैकीं आठ वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटसंस्थेनें 'फँटेजिया' या चित्रपटासाठीं घेतलीं होतीं. १९८९ सालीं संस्थानानें त्या जागेस ऐतिहासिक स्थळ ठरविलें, आणि सिलिकॉन व्हॅलीचें जन्मस्थान अशी पाटी तेथें लाविली आहे. आंत जाण्यास परवानगी नाहीं, पदपथावरून पाहावयाचें.

आम्हीं पाहिलें तें दार दोन फळ्यांचें, हातानें उघडावयाचें. जांवई भक्तिभावानें पाटी वाचीत होते आणि आमची मंडळी त्या दाराकडे पाहून म्हणाली, "हें बरें आहे. हें मला उघडेल." विनोद बाजूस ठेविला तरी तिच्या बोलण्यांत तथ्य होतें. ज्या खोऱ्यानें जगाला दूरध्वनीवरून दारें उघडावयास शिकविलें, त्याच्या जन्मस्थानाचें दार एका वृद्ध स्त्रीच्या हातालाही भारी नाहीं.

बुधवारीं कारागीर आला. मूळचा मेक्सिकोचा, कामांत अत्यंत नेटका. त्यानें प्रथम दोन्ही स्प्रिंगा बदलल्या आणि दार हातानें वर-खालीं करून, तें अर्ध्यावर तरंगूं लागेपर्यंत पीळ कमी-अधिक केला. मग छतावरील जुनें यंत्र उतरविलें, नवें चढविलें, दोन डोळे जमिनीपासून चार-पांच इंचांवर बसविले आणि ते एकमेकांच्या नजरेस नजर देत आहेत हें त्यांवरील बारीक दिव्यांवरून तपासलें. भिंतीवरील कळ पांच फुटांच्या वर नेली, म्हणजे लहान मुलांचा हात पोंचूं नये. लाल मूठ जमिनीपासून सहा फुटांवर सोडिली.

नंतर परीक्षा झाली. फळी घातली; दार तिला टेकलें न टेकलें तोंच माघारें फिरलें. नातीनें आपला चेंडू मध्यें घरंगळत सोडला. दार वाटेंतच थांबून वर गेलें. विजेची जोडणी काढून ठेविली. बॅटरीवर दार थोडें सावकाश, पण पूर्ण उघडलें. शेवटीं दार लावलेलें असतां आमच्या मंडळीनें हात उंच करून लाल मूठ धरली, खालीं ओढली आणि वाकून दोन्ही हातांनीं दार उचललें. तें तिच्या डोक्यावर गेलें तेव्हां समोरचे गृहस्थ आपल्या दारांत उभे होते. त्यांनीं टोपी काढून हालविली. ही दोरी नेहमीं दार खालीं असतांनाच ओढावी, एवढें कारागिरानें तिला बजावून सांगितलें, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर वर असलेलें दार कोसळूं शकतें.

नव्या यंत्राला एक दिवा आहे. दार हाललें कीं तो आपोआप लागतो आणि थोड्या वेळानें विझतो. अंधार पडल्यावर दार वर गेलें म्हणजे त्याचा उजेड आंत मखरावर पडतो आणि बाहेर हिरवळीवरही पडतो. उंबरठ्यावर ठेविलेला दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो, यास आपल्या शास्त्रकारांनीं देहलीदीपन्याय असें नांव दिलें आहे. मुलांना तो शिकवितांना आम्हीं पुष्कळ वर्षें वाड्याच्या उंबरठ्यावरील पणतीचा दाखला दिला. आतां दुसराही दाखला देतां येईल.

आपल्या पुष्कळ वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत आणि त्यांच्याकडे जाण्याचा योग वारंवार येतो. इकडेही नव्या बंगल्यांना विजेचीं फाटकें व सरकतीं दारें बसूं लागलीं आहेत. अशा घरीं गेल्यावर दिवाणखान्याचें कौतुक अवश्य करावें, परंतु मोटारखान्यांतही एकवार जाऊन यावें. लाल मूठ कोठें आहे व ती आपल्या हातास येते काय, फळी ठेविली असतां दार फिरतें काय, आणि जमिनीलगतचे दोन डोळे जागे आहेत काय, एवढें पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. फळीची परीक्षा महिन्यांतून एकदां करावी असें तिकडील जाणते सांगतात. घरांत सर्वांत बळकट कोण आहे त्याच्या हिशेबानें दार कधींही बसवूं नये. ज्याचे पाय लहान आहेत आणि ज्याचे हात थकलेले आहेत, त्या दोघांच्या मापानें दार बसवावें. मधल्यांचें त्यांत आपोआप भागतें.